वासरापुढची हाक

माढ्याच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी पिशवी गाडीत ठेवली. सोलापूरला कॉलेजला जाणारा घरातला मी पहिलाच. वडील म्हणून अण्णांना काहीतरी सांगायचं असणार. पण आदल्या दिवशी जत्रेत त्यांचा आवाज गेला होता.

जत्रेत आमच्याकडे भाकणूक होते. उपाशी वासरापुढे कडबा, धान्य, पाणी ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, त्यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. त्याआधी आमच्या घरातला माणूस हाक देतो, "जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य देश, चक्रवर्ती राजा, वर्साचं सांग!"

त्या वर्षी पंचांनी हाक बदलली. "आता राजा कुटं हाय, अण्णा? शाळंतली पोरं हसत्यात की," सरपंच म्हणाले. अण्णांनीही हसून नवी हाक दिली, "भारतीय प्रजासत्ताक, माननीय राष्ट्रपती, वर्साचं सांग!"

वासरानं कडब्याकडे पाहिलंच नाही. कान टवकारून ते मोकळ्या वाटेकडे बघत राहिलं. कुणी न सांगता माणसं दोन्ही बाजूंना सरकली, जणू कुणी येत होतं. अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. "हाक भलत्यालाच पोचली," काकू पुटपुटली.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. इकडे मी राज्यशास्त्र शिकू लागलो. देशांची नावं बदलतात, सम्राट जाऊन अध्यक्ष येतात; एक अधिसूचना निघते आणि झालं, असं सर सांगतात. मला ते पटतं, अजूनही.

यंदा हाक माझ्याकडे आली. काकूचा फोन आला, "तू शिकल्याला हायस. पर हाक कंची देनार, ते आधी सांग बाबा." "बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

वासरापुढे उभा राहिलो तेव्हा अण्णा समोरच होते, हात जोडून. माझ्या तोंडून जुनी हाक निघाली. वासरू कडब्याला लागलं. गर्दी पुन्हा दुभंगली, पण या वेळी आतून बाहेर, स्टँडच्या दिशेनं.

"गेलं," अण्णा म्हणाले. वर्षभरातला त्यांचा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी परतताना एसटीत उभं राहायला जागा नव्हती. माझ्या शेजारची सीट मात्र सोलापूरपर्यंत रिकामी राहिली.

आता घर म्हणजे फोनवरचा अण्णांचा आवाज. रोज विचारतात, "एकलाच हायस न्हवं?"

मी व्हय म्हणतो, आणि होस्टेलच्या बाकावर जरा सरकून बसतो.