सकाळपुरती बाई

थोरला झाला तेव्हा आम्ही नंदुरबारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची शाळेतली नोकरी, सासूबाई गावी शेतावर, आणि बाळंतपणापासून माझी कंबर धरलेली ती सुटायचं नाव घेईना. मूल आठ महिन्यांचं झालं तेव्हा मी सकाळपुरती एक बाई ठेवली. तिनं मूल सांभाळायचं, झाडलोट करायची, चार भांडी घासायची आणि बाराच्या भोंग्याला घरी जायचं. तिचा नवरा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात हमाल होता.

तिची स्वतःची मुलगी चार महिन्यांची. पहिल्या दिवशी ती तिला पदराखाली घेऊनच आली. मी दारातच अट घातली, पोर आणायची नाही. दोघं एकदम रडली तर आधी कुणाला उचलशील, असंही विचारलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला ऐकवायला घरात कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं. जीभ माझी तेव्हाही तिखटच होती.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी येऊ लागली. पोर कुणाजवळ ठेवतेस, विचारलं तर म्हणाली, "गोळी दीसनी येस, माय. झोळीमा झोपेल ऱ्हास."

गोळी म्हणजे अफूची, मोहरीएवढी, आईच्या दुधात उगाळलेली. त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया द्यायच्याच; माझ्या आईनं आम्हा भावंडांनाही दिली होती. मी उलट कौतुक केलं, "तुन्ही पोर भलती गुणी शे!" ती हसली. माझा पठ्ठ्या मात्र तिच्या कडेवरून खाली उतरायला तयार नसायचा.

मग गावी असणाऱ्या माझ्या नणंदेला बघायला कोरीटहून पाहुणे आमच्याच घरी येणार असं ठरलं. मी आदल्या दिवशीच तिला बजावलं, उद्या दिवे लागेपर्यंत थांबावं लागेल. ती जरा घुटमळली, मग मान हलवून गेली.

त्या दिवशी दुपार कलली तशी तिची चोळी दुधानं भिजली. मला दिसलं. तिला घरी धाडायचं सोडून मी माझी एक जुनी चोळी काढून दिली, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. तिनं ती मुकाट्यानं घातली. पाहुण्यांना नणंद पसंत पडली.

दिवेलागणीला ती गेली. थोड्या वेळानं तिच्या गल्लीतली एक बाई सांगत आली. दिवसभर थांबायचं म्हणून तिनं सकाळी दोन गोळ्या दिल्या होत्या. पोर उठलीच नाही.

मी गेले नाही. तान्ह्या मुलाच्या आईनं अशा घरी जाऊ नये म्हणतात, ती सबब आयती मिळाली. घरात मात्र मुलाला उराशी धरून खूप रडले. गोळ्या तिनं दिल्या, पण थांब म्हणणारी मी होते. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी ती दारात उभी राहिली. डोळे खोल गेलेले. तिला पाहताच मुलानं दोन्ही हात पुढे केले, आणि तिनं त्याला उचलून घेतलं.

"माय, आते मी दिनभर थांबसू," ती म्हणाली. "घर आते कोन शे?"

मी तिच्याकडे न बघता हो म्हटलं. आज खोटं कशाला बोलू? लाज वाटायच्या आधी मला हायसंच वाटलं होतं.