राठोड मॅडमचा उतरलेला चष्मा

स्टाफरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की ते आपोआप येऊन बसतात. आमच्या बाळापूरच्या शाळेत तर गेल्या वर्षभरात नुसते डोळ्यांचेच किस्से साचलेत. कारण एकच. गणिताच्या राठोड मॅडमनी नांदेडला जाऊन लेझरचं ऑपरेशन केलं आणि चष्मा घालवला. माझा मात्र अजून नाकावरच आहे. नंबर उणे नऊ! त्यामुळे हे सगळं मी जरा जळूनच सांगणार, राग मानू नका.

•

ऑपरेशनच्या आधी विज्ञानाच्या शिंदे सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावर हा एवढा मोठा डोळा काढला. "हे बघा, बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, तो कॉर्निया. त्याची पातळ चकती झाकणासारखी उचलायची, खाली लेझर मारायचा, झाकण परत बसवायचं. दहा मिनिटांत काम खतम!"

राठोड मॅडम आधीच घाबरलेल्या. त्यात चहा घेऊन आलेले आमचे शिपाई कोंडिबामामा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.

"सर, अन् झाकन उलटं बसलं तर?"

शिंदे सरांनी गपचूप फळा पुसला. मॅडमनी अर्धा डबा तसाच बंद केला. मला वाटलं, आता काही ही बाई ऑपरेशनला जात नाही. खरं सांगते, बरं वाटलं!

•

पण गेली. आठ-दहा दिवसांनी काळा गॉगल लावून शाळेत हजर! स्टाफरूमच्या खिडकीत उभी राहिली, गॉगल वर केला आणि रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचून म्हणाली, "शिंदे सर, बसा निवांत. ही कळमनुरीपर्यंतच जाऊन राहिली, हिंगोलीला न्हाई."

खिडकीपासून रस्ता केवढा लांब! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गेली चौदा वर्षं मी त्याच थांब्यावर बस अगदी अंगावर आली की शेजारच्याला विचारते, "भाऊ, कुठली हो?" मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

•

त्याच आठवड्यात मीही गुपचूप नांदेड गाठलं. डॉक्टरांनी चार मशिनींसमोर हनुवटी टेकवायला लावली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉर्निया पातळ आहे. लेझर नको. डोळ्याच्या आत लेन्स बसवता येईल कदाचित. नंबर वर्षभर स्थिर राहू द्या, मग तपासून सांगतो."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या चिडल्याच. "काहून पातळ? दूध-तूप तर बराबर खाऊन राहिली तू!"

बाईच्या जाडीवर दुसरी बाई कधी जळते का? मी जळले. राठोड मॅडमच्या कॉर्नियाच्या जाडीवर!

•

एक किस्सा मात्र मी तिखटमीठ लावून गावभर सांगितला. आठवीच्या वर्गात मॅडमनी डोळ्यांवर हात फिरवला आणि एकदम ओरडल्या, "माझा चष्मा कुठं गेला?" अख्खा वर्ग उठला. बाकांखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे शोधाशोध. वीस मिनिटं! शेवटी मॅडमलाच आठवलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

मी नंतर एका पोराला धरलं. "अरे, मॅडमचं ऑपरेशन झालंय हे तुमाला माहीत न्हाई?"

"माहीत हाय की मॅडम. पन गणिताचा तास चालला होता ना!"

•

वर्ष सरलं. मी लग्नाला जाते म्हणून रजा टाकली आणि पुन्हा नांदेडला गेले. लेन्स बसणार की जन्मभर ह्या सोडावॉटरच्या बाटल्याच नाकावर, त्याचा निकाल त्या दिवशी लागणार होता. नर्सनी डोळ्यांची बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि बाकावर बसवलं. चष्मा पर्समध्ये. समोर नुसते रंग दिसत होते. शेजारी कुणीतरी बाई येऊन बसली, तोंडाला उन्हाचा स्कार्फ बांधलेला, एवढंच कळलं.

बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, अनोळखी बाई आहे, काय हरकत आहे?

"तुमचं काय, मोतीबिंदू का?"

"ऊं हूं."

"माझं लेन्सचं. आमच्या शाळेत एक बाई आहे हो, लेझर केलं तिनं. तेव्हापासून जमिनीवर पाय न्हाईत तिचे! मैदानाच्या त्या टोकाचं पोरगं ओळखते अन् आमच्याकडे बघून हसते. मला तर रात्री झोप लागंना. आता एकच मागणं हाय देवाकडं. हिला चाळिशी लागू दे! वाचायचा का होईना, चष्मा लागू दे एकदा!"

"हूं."

"तुमीच सांगा, वाईट हाय का मी?"

तेवढ्यात आतून नर्सचा आवाज आला, "राठोड मॅडम, वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायचाय ना? या आत."

शेजारचा स्कार्फ उठला. माझ्या खांद्यावर हात पडला.

"लागली, बाई," राठोड मॅडम म्हणाल्या. "दिवाळीतच लागली. तुमी हसाल म्हनून सांगितलं न्हाई."