उद्या सकाळी तिची ओटी आहे

"युटेरस वीस आठवड्यांचं आहे," सोनोग्राफीचे डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले आणि पोटावरच्या त्या गारढोण जेलसकट मी उठून बसायचीच बाकी राहिले. वीस आठवडे म्हणजे पाचवा महिना. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या, दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा रिकामी झालेल्या बाईला असं वाक्य ऐकवलं तर ती दुसरं काय समजणार? मी विचारलं, "ठोके नीट आहेत का?"

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही ताई, बाळ नाही. फायब्रॉईड आहेत. आकार सांगायची ती आमची पद्धत आहे."

फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या गाठी. बहुतेक वेळा त्या कॅन्सरच्या नसतात. गर्भाशय केवढं फुगलंय हे डॉक्टर गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. ही पद्धत ज्याने पाडली तो नक्की पुरुष असणार. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर आधीच माहीत असू द्या, म्हणजे माझ्यासारखं ठोके विचारायला जाणार नाही.

अंबरनाथच्या त्या सेंटरच्या बाहेर मी रिपोर्टची वाट बघत बसले. शेजारी एक पोटुशी मुलगी पाण्याची बाटली रिकामी करत होती. माझ्या पोटाकडे बघून तिने हसून विचारलं, "कितवा?"

"पाचवा," मी म्हटलं.

"माझापण!" तिला एवढा आनंद झाला की मागे फिरणं जमलंच नाही. तिला कैरी खावीशी वाटत होती, मी म्हटलं मलासुद्धा. तिची पाठ दुखत होती, माझीही दुखत होती, ते मात्र खरं होतं. तिला आत बोलावलं तेव्हा "काळजी घ्या हं," म्हणून गेली. रिपोर्ट घेऊन मी रिक्षात बसले आणि चिखलोलीतलं घर येईपर्यंत रडले.

मी उल्हासनगरला ड्रेस मटेरियलच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांसमोर तागे उलगडायचे. गेली दोन वर्षं पाळीच्या दिवसांत इतकं अंगावरून जायचं की मी काळ्या सलवारीशिवाय दुसरं काही घालायचं सोडून दिलं होतं. जिने चढताना धाप लागायची. ओटीपोट जड, दुखरं. बायकांना विचारावं तर प्रत्येकीचं हेच, "माझंपण जास्तच जातं." सगळ्यांचं जातं म्हणून आपलं बरोबर, असं नसतं. हे मी दुकानातल्या मुलींना आता ओरडून सांगते.

उल्हासनगरच्या ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही चालत कशा आलात?" हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोहापासून बनणारं लाल द्रव्य, फार खाली गेलं होतं. आधी सलाईनमधून लोह आणि रक्त द्यायचं, मग ऑपरेशन.

ऑपरेशन दोन तऱ्हेचं असतं. मायोमेक्टॉमीमध्ये फक्त गाठी काढतात, गर्भाशय राहतं. हिस्टेरेक्टॉमीमध्ये गर्भाशयच काढतात. आपल्याकडे त्याला सरळ 'पिशवी काढली' म्हणतात, भाजीची असल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, "वाचवायचा प्रयत्न करीन. पण टेबलावर रक्त थांबलं नाही तर मला पिशवी नाही, तुम्हाला वाचवायचंय." मी मान हलवली. मनात म्हटलं, तेवढी राहू दे. बाकी काय हवं ते काढा.

माझी आई गावी, चामटोलीला असते. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. दोन वेळच्या नुकसानीनंतर तिने इतके उपासतापास केले होते की अजून एक दुखणं तिच्यावर टाकायची माझी हिंमत नव्हती. गणपतीत गेले होते तेव्हा तिने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं होतं आणि काही न बोलता माझ्या पानात जास्तीचा मोदक वाढला होता. तिथे पाचवा पार पडेपर्यंत कुणी विषय काढत नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र राहवेना. नवऱ्याला, संतोषला, म्हटलं, तू फोन कर, मला बोलता येणार नाही. मला रक्त चढवायला दाखल केल्यापासून तो बिचारा दोन दिवस सिस्टरांच्या तोंडची भाषा ऐकत होता. ऑपरेशन थिएटरला तिथे सगळे ओटीच म्हणतात. त्याने आईला सांगितलं, "उद्या सकाळी तिची ओटी आहे. तुम्ही या."

सकाळी सिस्टरने मला हिरवा गाऊन घातला. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून संतोषच्या हातात दिली. अंगावर धातू आणि काच चालत नाही. मी मनगटं चोळत बसले होते आणि दारातून आई आली. ठेवणीतलं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पलंगावर बसून तिने एकेक वस्तू काढली. खण. नारळ. तांदळाची पुरचुंडी. हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

"लपवून ठेवलास गो बाय," ती म्हणाली. "बरा केलास. नजर लागते. भरायला सवाष्ण कोण हाय?"

माझे वडील मी शाळेत असताना गेले. तेव्हापासून आईने कुणाची ओटी भरली नाही. ताट ती तयार करायची, निगुतीने, आणि दुसरीच्या हातात देऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. आजही ती भरायला कुणाला तरी शोधत होती. संतोषने तिला हळूच बाहेर नेलं. मला काचेतून दोघं दिसत होते. तो हाताने काहीतरी समजावत होता. आईने एकदा पदर तोंडाला लावला.

परत आली तेव्हा ती बांगड्या पुन्हा गुंडाळायला लागली. "मना वाटला, जपाया इथं ठेवलीय तुला. ओटी म्हंजे ओटीच," एवढंच बोलली. मला हसू येण्यासारखं होतं, पण मी कुठल्या तोंडाने हसणार? मीसुद्धा वीस आठवडे ऐकून ठोके विचारले होते. आमच्या दोघींचे कान एकाच गोष्टीची वाट बघत होते. स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय म्हणाला, "चला ताई, ओटीत." आईने डोळे मिटून घेतले.

शुद्धीवर आले तेव्हा मॅडम उशाशी होत्या. त्या गोल गोल काही बोलल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "खूप वेळ प्रयत्न केला. रक्त थांबेना. काढावी लागली." मी विचारलं, "सगळी?" त्या म्हणाल्या, "अंडाशयं ठेवली आहेत. पिशवी गेली."

पुढचे दिवस ताप, गॅस, पेज, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेच गेले. अवघड होतं ते निराळंच. माझा हात सारखा पोटाकडे जायचा आणि पोट नसायचं. गाठी होत्या, मला ठाऊक होतं. तरी दुकानात उभी असताना किती वेळा मी त्या पोटावर हात ठेवून जरा वेळ खोटं खोटं सुख घेतलं होतं. मुलीचं नावसुद्धा ठरवलेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

आई रोज यायची, पेज भरवायची. 'होईल सगळं चांगलं' असलं एकदाही म्हणाली नाही. ती कापडी पिशवी पलंगाखालीच होती. शेजारच्या पलंगावर मोहिनी आंटी म्हणून एक वयस्कर सिंधी बाई होत्या. त्यांनी नारळ बघितला होता. डिस्चार्जच्या सकाळी त्यांनी विचारलं, "अम्मा, ये नारियल वापस ले जाओगे?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी ओढणी पुढे पसरली.

"आई, तू भर."

"मी कशी गो भरू?"

"तूच भर. मला दुसऱ्या कुणाची नको."

ती उठली, बसली, परत उठली. दाराकडे बघितलं, जणू चामटोलीचं कुणी येऊन अडवणार होतं. मग तिने बोट कुंकवात बुडवलं. हाताची सवय गेलेली, कुंकू माझ्या भुवईवर लागलं. खण ठेवला, तांदूळ घातले. टाक्यांवर नारळाचा भार नको म्हणून एका हाताने तो ओढणीत ठेवला आणि दुसऱ्या हाताने खालून धरून राहिली. दोघींनाही रडू फुटलं.

मोहिनी आंटी डोक्यावर ओढणी घेऊन बसल्या होत्या. "हम भी ऐसे ही झोली फैलाते हैं। पल्लव बोलते हैं। मगर उसमें तो मांगते हैं।"

"आमच्यात मांगत नाय," आई डोळे पुसत म्हणाली. "दिलेला घ्यायचा."

ते तांदूळ मी घरी आल्यावर शिजवले. ओटीचे तांदूळ जिचे तिने खायचे असतात. मी आणि आईने मिळून खाल्ले.

आता मला जिना चढताना दम लागत नाही. काउंटरवर मी पांढरी सलवारसुद्धा घालते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगेन, लवकर दाखवा. आमच्या मॅडम म्हणाल्या, गाठी लहान असताना आले असते तर पिशवी वाचवणं सोपं गेलं असतं. आणि काढावी लागलीच, तर रडायचं असेल तेवढं रडा. 'जीव वाचला ना' म्हणून कुणी गप्प करू देऊ नका. जीव वाचल्याचा आनंद मला आहे. मूल हवं होतं, तेही अजून हवंच आहे. दोन्ही एकाच घरात राहतात.

मध्यंतरी तपासणीसाठी पुन्हा अंबरनाथच्या सेंटरमध्ये गेले होते. बाकावर तीच मुलगी बसलेली. मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. तिने मला लगेच ओळखलं. "अहो, तुम्हाला काय झालं? मुलगा की मुलगी?"

या वेळी मी खरं सांगितलं. "बाळ नव्हतंच. गाठी होत्या. तेव्हा तुमच्याशी खोटं बोलले."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. आजूबाजूला पाचसहा बायका होत्या, तिची नणंदही पलीकडे उभी होती. तिने बाळ उचललं आणि माझ्या ओटीत ठेवलं. "धरा ना जरा, आलेच," म्हणाली.

बाळ चांगलं वजनदार होतं. मी त्याला पोटाशी घेतलं. टाके आता दुखत नाहीत.