सहा दाणे खाणारा घोडा

वकिलाला साधी गोष्ट साध्या शब्दांत सांगता येत नाही, असं आमच्या हिचं ठाम मत आहे. मी हे कधीच कबूल केलं नसतं. पण दोन पोस्टकार्डांनी माझी जी शोभा केली, तिच्यानंतर तोंड उघडायला जागाच उरली नाही. आता विचारताच आहात तर सांगतो. चहा गार होईल, आधी पिऊन घ्या.

वळसंगला माझी थोडी शेती आहे. दर रविवारी टांग्यानं जायचं, संध्याकाळी सोलापूरला परत. एकदा त्या वाटेवर कुणा व्यापाऱ्याला लुटलं, आणि मी घाबरून हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला. परवाना मिळाला. पुण्याहून रिव्हॉल्व्हर आणलं. सहा गोळ्यांचं, फिरत्या चक्रीचं, अगदी साहेबी.

आणि जड! सव्वा शेर लोखंड कमरेला बांधून धोतर नेसून बघा एकदा. पट्टा खाली ओढतो, पट्ट्याबरोबर निऱ्या येतात. एकदा वळसंगच्या वेशीत टांग्यातून उतरलो, तर मी खाली आणि धोतर निम्म्या वाटेत. समोर गावच्या बाया पाणी नेत होत्या. तेव्हापासून मी एक हात कमरेवर ठेवूनच प्रवास करू लागलो. चोर भेटला असता तर धोतर धरायचं की रिव्हॉल्व्हर, हाच मोठा प्रश्न होता.

अशात मोहोळला एका लग्नात तिथल्या पाटलांची गाठ पडली. चांगला भरदार माणूस, मन मोकळं. जेवणं झाल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून सुपारीचा डबा काढावा तसं एक पिस्तूल काढलं. चपटं, नवं, आठ गोळ्यांचं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर येते म्हणे. चक्री नाही, फुगवटा नाही, पट्टा नाही. माझं धोतर आनंदानं थरथरलं असेल.

पण पाटील त्याला वैतागले होते. गोळी सुटताना पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, त्यानं त्यांचं बोट दोनदा चावलं होतं. कुणी साधं रिव्हॉल्व्हर दिलं तर मी हे देऊन टाकीन, असं ते म्हणाले. मी म्हटलं, विचार करतो.

तो विचार दोन महिने चालला! आणि एकट्यानं विचार करू देतील तर ते सोलापूर कसलं? ज्यांनी दिवाळीला फटाकासुद्धा लांब काठीनं उडवला, असे आमचे वकीलबंधू मला रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक सांगू लागले. एक म्हणाला सहा पुरेत. दुसरा म्हणाला आठ हवेत. तिसरा म्हणाला चोर किती आहेत त्यावर आहे. डोकं पिकलं माझं.

शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, पण हत्याराची नाडी ओळखणारा. तो म्हणाला, "वकीलसाब, रिव्हॉल्वर की एक गोली नै चली तो दुसरी चलती. पिस्तूल में गोली अटकी तो चोर को बोलना पडता, ठैरो मियां, मैं उस्ताद के पास जाके आता."

म्हणजे मुद्दा एवढाच, की पाटलांचं पिस्तूल अडतं का? हे त्यांनाच विचारायला हवं होतं. इथं मी शहाणपणा केला.

त्या दिवसांत हत्यारांच्या बाबतीत सरकार फार हळवं झालं होतं. कलेक्टर साहेबाच्या परवानगीशिवाय अदलाबदल केली, अगदी चार दिवस वापरून बघायला घेतलं तरी गुन्हा. परवाना जाणार, आणि वकिलाची सनदही धोक्यात. हे सगळं मला पाठ होतं. पण परवानगीचा अर्ज करायचा, कचेरीत महिनाभर खेटे घालायचे, आणि मग पिस्तूल आवडलंच नाही तर? म्हणून ठरवलं, आधी गुपचूप वापरून बघू, मग अर्ज करू.

आता पोस्टकार्ड काय, पत्ता सोडून बाकी सगळं आधी पोस्टमन वाचतो. म्हणून मी सांकेतिक भाषा योजली. बंदुकीच्या चापाला आपण घोडा म्हणतोच की! तेव्हा हत्याराला घोडा म्हणायचं, गोळीला दाणा. मी लिहिलं: "आपला घोडा मनात भरला आहे. माझा घोडा सहा दाणे खातो, आपला आठ खातो असे दिसले. आपला घोडा ऐन वेळी अडतो काय, व अन्य काही खोडी आहेत काय, ते कळवावे. अदलाबदलीस मी तयार आहे." कार्ड पेटीत टाकलं आणि स्वतःवरच खूश होऊन दोन पानं जास्त खाल्ली.

आठ दिवसांनी पाटलांचं उत्तर आलं. वाचून मी थक्क झालो. हा माणूस माझ्यापेक्षा वरचढ निघाला! त्यांनी लिहिलं होतं: "घोडा अडत नाही. डाव्या डोळ्याने कमी दिसते, त्यामुळे चालीत डावीकडे ओढतो. पावसाळ्यात खोकतो. नवख्या माणसाने मागे उभे राहू नये. नीट धरल्यास लाथ बसत नाही."

कार्ड घेऊन मी तडक उस्तादांकडे. त्यांनी एकेक वाक्य ऐकून मान डोलावली. डावीकडे ओढतो म्हणजे नळीवरची नेम धरायची माशी वाकडी आहे. पावसाळ्यात खोकतो म्हणजे आत गंज धरतो. मागे उभे राहू नये म्हणजे वरचा भाग झटक्यानं मागे येतो. आणि लाथ तर प्रत्येक हत्यार मारतंच. "पाटील ने सच्ची बात लिखी," उस्ताद म्हणाले. माशी एका तासात सरळ करून देतो, तेल देतो, बिनघोर घ्या.

झालं, निर्णय झाला. मी दुसरं कार्ड टाकलं: "घोडा पसंत. येत्या रविवारी सकाळी घेऊन यावे. चार दिवस वापरून पाहू. साहेबाला तूर्त कळवू नये."

रविवारी पहाटे उठून मी रिव्हॉल्व्हर पुसलं, गोळ्या काढून कपाटात ठेवल्या, ते पंच्यात गुंडाळून बैठकीतल्या टेबलावर ठेवलं आणि वाट बघत बसलो. नऊच्या सुमाराला दारात टापा वाजल्या. पाटील टांग्यानं आले असं समजून हसतमुखानं बाहेर गेलो.

टांगा नव्हता. पाटील होते. त्यांच्या हातात लगाम होता, आणि लगामाच्या दुसऱ्या टोकाला एक घोडा होता. खराखुरा, चार पायांचा, तांबडा. त्याचा डावा डोळा दुधासारखा पांढरा होता. मला बघून तो खोकला.

आणि घोड्याच्या पलीकडे खाकी गणवेशात एक फौजदार उभे होते.

"ह्ये आमचं मेव्हणं," पाटील म्हणाले. "ह्यास्नी घोड्यातलं लई कळतंय. म्हटलं तुमचा घोडा बगायला संगं न्यावं. कुटं बांदलाय?"

तुम्हीच सांगा, काय करणार होतो मी? घोडा म्हणजे रिव्हॉल्व्हर असं म्हणावं, तर साहेबाला न कळवता हत्यार बदलण्याचा बेत मी स्वतःच्या अक्षरात लिहून, सही करून दिलेला. वाचणारा फौजदार दारात! परवाना, सनद, अब्रू, सगळं त्या कार्डावर टांगलं होतं. जिभेला जे सुचलं ते मी बोललो.

"गेला," मी म्हणालो.

"कुटं गेला?"

"वारला. परवा."

पाटलांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. आतून 'वारला' एवढंच ऐकून ही पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आली आणि कोण हो, म्हणाली. मी म्हटलं, आपला घोडा. तिनं माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग ती चहा टाकायला आत गेली.

बैठकीत बसल्यावर फौजदारांनी खिशातून माझी दोन्ही कार्डं काढली. हा घोडा सहा दाणेच कसा खायचा, असं त्यांनी अगदी थंडपणे विचारलं. मी काही बोलायच्या आत पाटीलच म्हणाले, सहा शेर म्हणायचं असणार, वकिली लिखाण तसंच असतंय. आणि दिवसाला सहा शेर खाल्ल्यावर अजीर्ण होऊन मरणारच की जनावर. मी म्हटलं, हो, अजीर्णानंच गेला.

"आणि साहेबाला कळवू नये, असं लिहिलंय. कुठल्या साहेबाला?"

"जनावरांच्या डॉक्टरला," मी म्हणालो. "म्हातारा घोडा दिसला की तो गोळी घालायला सांगतो."

फौजदारांनी मान हलवली. मग त्यांची नजर टेबलावरच्या पंच्याकडे गेली. त्यांनी तो उलगडला. बाहेर आलं चकचकीत रिव्हॉल्व्हर! परवाना मागितला, मी दिला. बराच वेळ वाचून त्यांनी विचारलं, की इतकं पुसूनबिसून ठेवलंय, कुणाला द्यायचा विचार आहे का?

"छे छे," मी म्हणालो. "वडिलांची आठवण आहे. मरेपर्यंत हे मी कुणाला देणार नाही."

माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी जन्मात छडीपलीकडे हत्यार पाहिलं नव्हतं. पण एकदा बोललो आणि मग थांबवेना. ते शिकारी होते म्हणालो. अखेरच्या क्षणी त्यांनी हे माझ्या हातात ठेवलं म्हणालो. बोलता बोलता माझे डोळे खरंच भरून आले. भीतीनं भरले होते, पण पाटलांना ते कसं कळावं? त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचा.

चहा झाला, मंडळी उठली. पाटलांनी आपल्या घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो, पण ते ऐकतील तर शपथ. घोडा गेलेल्या घरात दावं रिकामं ठेवू नये म्हणे! बदल्यात काहीही नको, फक्त पावसाळ्यात त्याला आत बांधा, एवढंच त्यांचं मागणं.

निघता निघता त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि ते चपटं पिस्तूल बाहेर काढलं.

"ह्ये मातुर मला नगं झालंय बगा. परवा पुन्ना बोट चावलं," ते म्हणाले. "कलेक्टर कचेरीतनं अदलाबदलीची परवानगी बी काढून ठिवलीया. रिव्हॉल्व्हरवाल्याचं नाव त्येवडं भरायचं ऱ्हायलंय. तुमच्या वळकीत हाय का कोन, वकीलसाहेब?"

साहेबाच्या सहीचा कागद माझ्या नाकासमोर होता. त्यात एक ओळ रिकामी होती. माझं नाव तिथं अगदी आरामात मावलं असतं. मी तोंड उघडलं.

"दाजी, त्यांना कशाला विचारताय," फौजदार म्हणाले. "वडिलांची आठवण आहे ती."

पाटील ओशाळले. चुकलं म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "मरेपर्यंत नाही."

पंधरा वर्षं वकिली करतोय. त्या फौजदारांइतका पक्का साक्षीदार मला एकदाही मिळाला नव्हता. मिळाला तो असा, माझ्याच विरुद्ध!