शिलाईमावशींची खूण

शिलाईमावशींचा स्वभाव कडक. माझं इस्त्रीचं टेबल त्यांच्या मशीनला खेटून, त्यामुळे पंधरा वर्षं त्यांची बोलणी मी फुकटात खातोय. देऊळ, मशीद, चर्च, तिन्हीकडून गरिबांना वाटायचे जुने कपडे आमच्याकडे येतात. मावशी उसवलेलं शिवतात, बटणं लावतात, मी इस्त्री फिरवतो. मजुरी आम्ही दोघंही घेत नाही. माझी आपली कुरकुर चालू असते, एवढंच.

मावशींना एकच गोष्ट सलायची. काही लबाड म्हणे तिन्ही दारांत हात पसरतात. म्हणून त्यांनी खूण काढली. कपड्याच्या आतल्या दुमडीत एक टाका: देवळाच्याला पिवळा, मशिदीच्याला हिरवा, चर्चच्याला निळा. एका घरात दोन रंग दिसले की लबाडी पकडलीच. पुजारी म्हणाले, दिलं की मागे वळून बघायचं नसतं. मौलवींच्या मते घेणाऱ्याचं तोंडसुद्धा लक्षात ठेवू नये. फादर हसले, आमच्याही पुस्तकात गुपचूपच द्यायला सांगितलंय म्हणाले.

"तिघं ठरवून आलात काय?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही नका बघू. मी बघते."

परवा त्यांची लेक, जावई आणि नात दोन दिवस राहायला आली. जावयांचा कारखाना बंद पडला होता, पण लगेच दुसरीकडे लागले म्हणून मावशी गल्लीभर सांगत होत्या. लेकीनं धुतलेले कपडे त्या स्वतः घेऊन आल्या. जावयांच्या घरचे आहेत, नीट कर, असा वर दम.

मी कोट उलटा केला. आत पिवळा टाका. लेकीच्या जाकिटात हिरवा, नातीच्या फ्रॉकला निळा. झाकायला गेलो, पण मावशी शेजारीच उभ्या. त्या छोटी कात्री घेऊन टाके उसवायला बसल्या.

तेवढ्यात जावई दारात आले. कात्री बघून जागीच थबकले, चेहरा पार उतरला.

"आत धागे लोंबत होते, जावईबापू. काढून टाकले," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "दुकानवाले हल्ली कसंही शिवतात."

"हो, आई," ते कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी वाटपाला तयार असलेले सगळे गठ्ठे सोडले आणि एकेक टाका उसवायला घेतला. दीडशे कपडे तरी असतील. मी इस्त्री बंद केली, दुसरी कात्री शोधली आणि शेजारी बसलो. कुरकुर केली नाही.