व्लास्ताबाईंचा एक मेचा मुका

प्रागच्या ट्राममध्ये व्लास्ताबाईंनी उभी हयात काढली, तीही चालकाच्या खुर्चीत. एक मे उजाडला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. त्या दिवशी फुललेल्या झाडाखाली जिचा मुका घेतला जात नाही, ती बाई वर्षभर वाळत जाते, हे प्रागमधलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे थांब्यावर, पायरीवर, जिथे तिथे जोडपी चिकटलेली. बाई घंटा बडवून ओरडायच्या, "चढताय की राहताय?"

नवरा, ओता, होता तोवर त्यांचा एक मेचा मुका कधी चुकला नाही. तो गेला आणि बाई खरोखरच वाळू लागल्या. स्वयंपाकसुद्धा एकाच पातेल्यात उरकायच्या. यंदा मात्र त्यांनी चंग बांधला. खालच्या मजल्यावरचे बोहूमिलराव, घड्याळं दुरुस्त करणारे लाजाळू विधुर, त्यांना दंडाला धरून त्यांनी किल्ल्याखालच्या महालाच्या, उतारावर एकावर एक गच्च्यांनी चढत जाणाऱ्या बागेत आणलं.

पण वसंत घाईत आला होता. चेरीचा बहर केव्हाच झडलेला, आणि बाकी झाडं सरदारी थाटात कातरून रांगेत उभी, एकालाही फूल नाही.

"या झुडपांच्या कुंपणाखालीच घेऊ या का?" बोहूमिलराव पुटपुटले. कान लालबुंद.

"पाल्याखालचा मुका धरत नाहीत. वर चला!"

"अहो, माझा गुडघा!"

"गुडघ्याशी माझं काय काम?"

एकेक गच्ची चढताना दोघंही धापा टाकत होते आणि धापांपेक्षा जास्त हसत होते. बागेतले दगडी देवसुद्धा लाजतील असं हसणं. सगळ्यात वरच्या गच्चीवर सफरचंदाचं झाड सापडलं, गच्च फुललेलं. पण बागेच्या शिस्तीनं तारांवर आडवं ताणलेलं, जेमतेम कमरेएवढं.

"खाली म्हणजे खाली," बाई म्हणाल्या आणि सरळ खडीवर आडव्या झाल्या. बोहूमिलरावही कण्हत शेजारी सरकले. चष्मा फांदीत अडकला, नाकात पाकळी गेली, ते शिंकले आणि मग एकदाचा मुका झाला.

बाईंचे डोळे भरून आले. इतकं बरं त्यांना किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाग बंद करणारा रखवालदार घंटा वाजवत आला. फुलांखालून चार बूट बाहेर आलेले पाहून तो वैतागला. "आजी, निघताय की राहताय?"

"राहतोय!" बाई फांद्यांखालून गरजल्या. "आणि ती घंटा बंद कर."