चार किलोंची बॅटरी

त्याला सगळे थोरला म्हणत, कारण त्याच्या पाठीवर धाकटा होता. दोघे सख्खे भाऊ. होडी एक, इंजिन एक, आणि कामाची वाटणी बापाने डोळे मिटण्यापूर्वी करून दिलेली: सुकाणू थोरल्याकडे, दोरी धाकट्याकडे. होडीच्या मागच्या काठाला टांगलेले ते छोटे इंजिन दोरीच्या पहिल्या हिसक्याला जागे झाले, असे कधी घडले नाही. धाकटा पाय रोवून चार-पाच वेळा दोरी ओढायचा, इंजिनाच्या सात पिढ्या उद्धरायचा आणि मग पुढच्या फळीवर जाऊन बसायचा. तो बसला की होडी पाण्यावर सपाट व्हायची. खाडीत लावलेली जाळी उपसताना एकाने होडी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने ओढायचे. असे सव्वीस वर्षे चालले.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याने सुकाणू मागितले.

"मग दोरी कोण ओढणार?" थोरला म्हणाला.

"सव्वीस वर्षं दोरीच ओढतोय, दादा. मी काय घाण्याचा बैल आहे?"

एवढे बोलून तो शहरातल्या एका शीतगृहात पेट्या उचलायला निघून गेला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येई आणि प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला असे: "या मोसमाला येतो." एक मोसम गेला, दुसराही गेला. थोरल्याने मात्र त्या शब्दावर भरवसा टाकला तो टाकलाच. मधल्या काळात दोरी तो स्वतः ओढत राहिला आणि उजवा खांदा कायमचा गमावून बसला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितले, तर तो कानापर्यंतही पोहोचेना. दोरी ओढण्यास मनाई झाली. मेकॅनिकने इंजिनाला स्टार्टर बसवून दिला. उरली ती बॅटरी.

ती घ्यायला तो बायकोसह गेला. दुकानदाराने दोन बॅटऱ्या समोर मांडल्या: एक शिशाची, सतरा किलोंची; दुसरी लिथियमची, जेमतेम चार किलोंची, पण तिप्पट महाग. मेकॅनिकने दिलेला कागद त्याने चष्मा सरसावून वाचला.

"सुरू होताना इंजिनाला लागतो तेवढा करंट दोन्ही देतील. प्रश्न फक्त वजनाचा. होडीत माणसं किती?"

"दोन," थोरला म्हणाला.

"एक," मागून बायको म्हणाली.

"दोन."

दुकानदाराने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. "काका, एकटे जात असाल तर डोळे झाकून जड घ्या. इंजिन मागे, तुम्हीही मागे, होडीचं नाक जाईल आभाळात. ही सतरा किलोंची पुढच्या फळीखाली ठेवा, मी लांब वायर जोडून देतो. होडी सरळ चालेल आणि पैसेही वाचतील."

"फळीखाली नको. तिथं पाय येतात."

"कुणाचे?"

उत्तर बायकोने दिले. "माझ्या दिराचे. दोन वर्षं झाली, पाय शहरात फिरतायत आणि जागा इथं राखून ठेवलीय."

थोरल्याचा हिशेब मात्र पक्का होता. दोन माणसे, ओली जाळी आणि मासळी एवढा भार झाला की मागचा काठ पाण्यापासून चार बोटेच वर राही. सतरा किलो मागे ठेवले तर भरल्या होडीत पाणी शिरणार. पुढे ठेवले तर धाकट्याने बसायचे कुठे? आणि बटणावर इंजिन सुरू झाले, की दोरीच संपली. मग भांडण कशाचे उरले? सुकाणूही त्याच्या हाती द्यायचे, हे थोरल्याने मनाशी पक्के केले होते. बायकोलाही सांगितले नव्हते. त्याने हलकी बॅटरी उचलली.

घरी येताच ती स्वयंपाकघरात जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्याने शीतगृहाच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"आता दोरी नाही," तो म्हणाला. "बटण दाबायचं."

"म्हणजे एकट्याला चालू करता येतं तुला?"

"एका बोटानं," थोरला अभिमानाने म्हणाला.

पलीकडून लांब श्वास ऐकू आला. "सुटलो बघ, दादा. वहिनीनं तुझ्या खांद्याचं कळवलं तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता. पंधरा तारखेला नोकरी सोडतो, असं साहेबांना सांगूनही ठेवलं होतं. दोरी ओढायला कोणीतरी हवंच ना तुला. आता आजच जाऊन सांगतो, जात नाही म्हणून. कायम करतायत मला इथं."

सुकाणूची गोष्ट थोरल्याच्या ओठांवर आली होती. पण धाकट्याचा आवाज इतका मोकळा त्याने सव्वीस वर्षांत ऐकला नव्हता. नुकत्याच सुटलेल्या माणसाला पुन्हा कोणत्या तोंडाने बांधायचे?

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले भाऊजी?" बायकोने विचारले.

"बॅटरी चांगली घेतलीस म्हणाला."



दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पहिल्याच दाबाला सुरू झाले. होडीचे नाक वर उचलले गेले. समोर पाणी दिसेना, नुसते आभाळ. धक्क्यावरून कोणीतरी ओरडले, "थोरल्या, उडायला निघालास काय रे?" त्याने वेग उतरवला. अर्ध्या तासाच्या वाटेला सव्वा तास लागला. जाळ्यांपाशी पोहोचल्यावर डाव्या हाताने तो ओढू लागला, तर धरून ठेवायला कोणी नसल्याने होडी प्रवाहाबरोबर फिरू लागली. सुकाणूकडे धावावे तर जाळे सुटत होते, जाळे धरावे तर होडी. दुपारपर्यंत सात जाळ्यांपैकी दोन वर आली. उरलेल्या पाचांच्या दोऱ्या, वाहून जाऊन कोणाच्या इंजिनाच्या पंख्यात अडकू नयेत म्हणून, त्याने खाडीतल्या खुंटांना नीट घट्ट बांधल्या आणि घराकडे वळायला इंजिनाचे बटण दाबले.